कॅमेऱ्याने जात टिपली, कसब वगळले

मोखाडा तालुक्यात रेल्वे नाही. कापडाची गिरणी तिथे कधी नव्हती. तरीही गिरणी कामगारांच्या फोटोंविषयी लिहिताना आम्ही सुरुवात मोखाड्यापासून करतो, त्याला कारण आहे. जव्हार-मोखाड्याचे फोटो वर्तमानपत्रांनी आजवर भरपूर छापले. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीचे बालमृत्यू गाजले, तेव्हापासून तर हा भाग म्हटला की कुपोषित मूल, हे समीकरण छायाचित्रकारांच्या डोक्यात पक्के बसले. दुसरा फोटो तारपा वाजवणाऱ्याचा. पर्यटनाच्या जाहिरातीत तो हमखास असतो. आम्ही तिसरा फोटो शोधतो आहोत. ज्याच्या हातात हत्यार आहे, ज्याला त्या हत्याराचे मर्म ठाऊक आहे आणि ज्याच्या फोटोखाली त्याचे स्वतःचे नाव छापलेले आहे, अशा वारली, कातकरी, ठाकूर किंवा कोकणा माणसाचा फोटो. तो सहसा सापडत नाही.

का सापडत नाही, याचे उत्तर मोखाड्यात शोधून उपयोग नाही. ते दीडशे वर्षांपूर्वीच्या मुंबईत आहे.

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या सूतगिरणीची कंपनी काढली. ताडदेवची ती गिरणी १८५६ साली चालू झाली. त्याच १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. म्हणजे गिरणीचा भोंगा आणि कॅमेऱ्याची भिंग या शहरात जवळजवळ एकाच वेळी आली. कॅमेरा फक्त साहेबाच्या हातात होता असेही नाही. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी या सोसायटीत होते. नारायण दाजी तर स्वतः चांगले फोटो काढत. हरिश्चंद्र चिंतामण यांनी फोटोग्राफीचा धंदाच सुरू केला. पण कॅमेरा, काचा, रसायने हा सगळा खर्चिक मामला. तो कुणाच्या आवाक्यात होता आणि कुणाच्या नव्हता, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

या मंडळींनी मुंबईत काय टिपले? विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात फोटोंचा एक संग्रह काढला. पुढे १८६३ आणि १८६६ साली जॉन्सनने मुंबईच्या रहिवाशांचे दोन ग्रंथ काढले. त्यांत माणसे आहेत, त्यांचे पोशाख आहेत, पण माणसांची ओळख म्हणून दिली आहे ती जात. अमुक जातीचा नमुना, तमुक पंथाचा नमुना. गंमत अशी की यातले बरेच फोटो जोडकामाचे आहेत. माणूस एकीकडे उभा करून टिपायचा आणि त्याच्या मागे मुंबईचे दुसरेच दृश्य चिकटवायचे! आमच्या वकिली भाषेत अशा कागदाला बनावट दस्त म्हणतात. त्यानंतर १८५७ च्या उठावाने हादरलेल्या सरकारने १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड छापले. साडेचारशेहून अधिक फोटो आणि प्रत्येकाखाली जातीचे वर्णन, स्वभावाचा निवाडा, कोण विश्वासू, कोण भरवशाचा नाही. मनूने जे श्लोकात लिहिले होते ते सरकारने काचेवर उतरवून घेतले, एवढाच काय तो फरक.

याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला काय चालले होते ते पाहण्यासारखे आहे. १८४० ते १८६० च्या दशकांत अमेरिकेत कारागीर स्टुडिओत जाऊन स्वतःच्या पैशाने फोटो काढून घेऊ लागले होते. लोहार घण घेऊन बसे, सुतार करवत घेऊन, जोडे शिवणारा हातोडी आणि फर्मा घेऊन. कपडे कामाचे, नजर सरळ भिंगात. अशा फोटोंचा तिथे एक स्वतंत्र प्रकारच मानला जातो. आता विचार करा. जोडे शिवणारा तोच, हातोडी तीच. तिथे त्या फोटोचा अर्थ 'हे माझे कसब' असा होतो. इथे त्याच माणसाचा फोटो काढला असता तर खाली 'चांभार' असे छापले गेले असते आणि पाहणाऱ्याने पान उलटताना हात झटकले असते. हत्यार तिथे धंद्याची खूण होती, इथे जन्माची. १९३६ साली 'जातिभेद निर्मूलन' या भाषणात बाबासाहेबांनी श्रमविभागणीच्या नावाखाली जातीचे समर्थन करणाऱ्यांची जी चिरफाड केली, तिचा चित्ररूप पुरावा पाहिजे असेल तर हे दोन संग्रह शेजारी शेजारी ठेवावेत.

अमेरिका म्हणजे स्वर्ग होता असे आमचे म्हणणे मुळीच नाही. १८५० साली दक्षिण कॅरोलायनात रेन्टी, त्याची मुलगी डेलिया आणि इतर गुलामांना कपडे उतरवायला लावून त्यांचे फोटो काढले गेले. लुई अगासी नावाच्या हार्वर्डच्या प्राध्यापकाला काळा माणूस कनिष्ठ वंशाचा असतो हे सिद्ध करायचे होते. ते फोटो हार्वर्ड विद्यापीठाच्या ताब्यात राहिले. रेन्टीची वंशज असल्याचे सांगत टॅमारा लॅनियर या बाईंनी २०१९ साली दावा लावला. २०२२ साली मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने मालकीचा मुद्दा मान्य केला नाही, पण विद्यापीठाच्या वागणुकीने झालेल्या मानसिक यातनांचा दावा पुढे चालू दिला. शेवटी २०२५ साली तडजोड झाली आणि ते फोटो दक्षिण कॅरोलायनातील आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयाकडे द्यायचे ठरले. एकशे पंचाहत्तर वर्षांनी! गुलामीतून पळालेला फ्रेडरिक डग्लस मात्र आयुष्यभर आवर्जून फोटो काढून घेत राहिला, नीट कोट घालून, करारी नजरेने. एकोणिसाव्या शतकात ज्यांचे सर्वाधिक फोटो निघाले अशा अमेरिकनांत त्याचे नाव वरचे आहे. दुसऱ्याने काढलेल्या आपल्या चित्राला उत्तर द्यायचे तर आपले चित्र आपणच उभे करावे लागते, हे त्याने ओळखले होते.

आता गिरणीच्या आत जाऊ.

कापूस फोडायचा, पिंजायचा, त्याचे सूत कातायचे, ते गुंडाळायचे आणि मग ते साचेखात्यात न्यायचे. साचा म्हणजे माग. गिरणीत सर्वांत चांगला पगार साचेवाल्याला आणि सर्वांत जास्त मानही त्यालाच. या साचेखात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. रिंगखात्यात, झाडलोटीला, ओझ्याला चालत होते, साच्यावर नाही. कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. तुटलेला धागा सांधताना थुंकी लागे. महाराच्या थुंकीचा धागा सवर्ण कामगाराच्या तोंडात कसा जाणार? तोंडाने धागा ओढण्याची ही पद्धत इंग्लंड-अमेरिकेच्या गिरण्यांतही होती. तिथे तिच्यावर आक्षेप घेतला गेला तो रोग पसरतो म्हणून, आणि मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली तिच्यावर कायद्याने बंदी घातली. आमच्याकडे क्षयाची भीती नव्हती, विटाळाची होती.

ज्यांना विणता येत नाही म्हणून बाहेर ठेवले, असेही म्हणायची सोय नाही. विदर्भात महार समाजात हातमागावर जाडेभरडे कापड विणण्याचा धंदा पिढ्यान् पिढ्या चालत होता. गावात मागावर बसणारा शहरात मागाजवळ जाऊ शकत नव्हता. आणि हा नियम मालकाने कागदावर लिहिलेला नव्हता. तो शेजारच्या साच्यावरच्या कामगाराने पाळायला लावलेला होता.

१९२८ सालच्या सार्वत्रिक गिरणी संपात बाबासाहेबांनी नेमका इथे बोट ठेवले. अस्पृश्य कामगारांना सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क मान्य करा, नाहीतर त्यांनी संपात उतरू नये असे मी सांगेन, असे त्यांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले. पुढाऱ्यांनी नाइलाजाने ही मागणी यादीत घातली. ती मालकांपुढे गेली तेव्हा मालकांनी सुनावले की हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. धनंजय कीर यांच्या चरित्रात हा प्रसंग आहे. लाल बावट्याखालच्या पुढाऱ्यांना मालकाने जातीवरून आरसा दाखवावा, यापेक्षा मोठी नामुष्की ती कोणती? दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी हाच हिशेब रेल्वेबाबत मांडला. अस्पृश्य गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. साधा पोर्टरही त्याला होऊ देत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरची कामे करावी लागतात.

फोटोंचा मुद्दा इथे येऊन मिळतो. गिरणीचे जुने फोटो काढले कुणी आणि कशासाठी? बहुतेक वेळा मालकाने किंवा यंत्रे पुरवणाऱ्या कंपनीने. नवी यंत्रे आली, गिरणीला पन्नास वर्षे झाली, कुणी लाटसाहेब भेटीला आला की फोटो निघे. अशा फोटोत यंत्रांची लांबच लांब रांग दिसते, पट्टे दिसतात, छतापर्यंतचे खांब दिसतात. यंत्राची उंची कळावी म्हणून अधूनमधून माणूस उभा केलेला असतो. खाली गिरणीचे नाव, मालकाचे नाव, साल. माणसाचे नाव नाही. सर्वच कामगारांच्या वाट्याला हे निनावीपण आले, ते आम्ही नाकारत नाही. पण साच्यावरचा कामगार निनावी का होईना, फोटोत आला. ज्या खात्यात आमच्या माणसाला पाय ठेवता येत नव्हता, त्या खात्याच्या फोटोत त्याचा चेहरा येणार कसा?

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळवली. त्याच वर्षी महालक्ष्मीच्या मैदानावर कामगारांची प्रचंड सभा झाली आणि तीत दोन कामगार स्त्रिया बोलायला उभ्या राहिल्या. त्यांचे चेहरे पाहायला मिळाले असते तर आमच्या मुलींना केवढे बळ मिळाले असते! टपाल खात्याने लोखंड्यांचे तिकीट काढले ते २००५ साली.

आता आमच्या घरांतल्या फोटोंकडे वळू. परळ, नायगाव, वरळी, डिलाईल रोड इथल्या चाळींत राहणारा आमचा कामगार पगार झाला की कधीतरी स्टुडिओत जायचा आणि फोटो काढून गावी धाडायचा. हे फोटो ट्रंकांत, पत्र्याच्या पेट्यांत, बाबासाहेबांच्या तसबिरीमागे अजून आहेत. ते नीट पाहा. मागे रंगवलेला पडदा, खुर्ची, टेबलावर फुलदाणी. अंगात कोट, बहुधा स्टुडिओतलाच. खिशाला पेन. मनगटावरचे घड्याळ दिसेल असा हात. आमचे काही पुरोगामी मित्र अशा फोटोंना हसतात, साहेबाची नक्कल म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. अमेरिकेतला कारागीर हातोडी घेऊन बसला, कारण ती त्याने निवडली होती. आमच्या माणसाने हातात झाडू किंवा खांद्यावर ओझे घेऊन फोटो का काढावा? त्याने पेन निवडले. परळच्या बी.आय.टी. चाळीत गिरणी कामगारांच्या शेजारी राहून अभ्यास करणारा माणूस त्याने डोळ्यांनी पाहिला होता.

एक नुकसान मात्र झाले. तो रिंगखात्यात तीस वर्षे होता, यंत्राचा नुसता आवाज ऐकून कुठली चाती बिघडली ते सांगत होता, त्याची बायको वाइंडिंगला होती, हे त्या फोटोत कुठेच नाही. नातवाला आजोबा 'मुंबईला होते' एवढेच माहीत असते.

कामाचा फोटो काढूनही माणसाचा मान राखता येतो, याचे उदाहरण आमच्याच घरातले आहे. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. गटारात उतरलेला माणूस दिसतो आणि त्याचे घर, त्याची बायको, त्याचे दारूने मोडलेले शरीरही दिसते. पाहणाऱ्याला दयेची सोय राहत नाही. २००५ साली नॅशनल जिओग्राफिकने त्या कामाचा सन्मान केला, २०१६ साली ओलवे पद्मश्री झाले. पण सन्मानापेक्षा महत्त्वाचे हे की कॅमेरा धरणारा हात त्या वस्तीला परका नव्हता.

मोखाड्याकडे परत येऊ. मोखाड्याहून खोडाळ्यामार्गे कसाऱ्याला उतरले की थळ घाटाची रेल्वे लागते. ३७ फुटांमागे १ फूट चढ असलेला हा मार्ग १८६५ साली सुरू झाला. घाट फोडणाऱ्यांचे कसब पुलांच्या दगडांत आजही दिसते. शेजारी वैतरणेवर मुंबईला पाणी देणारी धरणे आहेत. त्यांतल्या एकाला मोडक या अभियंत्याचे नाव आहे, आणि ते असायलाही हरकत नाही. दगड घडवणाऱ्या, सुरुंगाची भोके पाडणाऱ्या एकाही माणसाचे नाव कुठल्या पाटीवर नाही. कातकऱ्यांचे तर नावच कसबावरून पडले. खैराच्या गाभ्याचे तुकडे मडक्यात उकळायचे, रस किती आटला की उतरवायचा ते डोळ्याने ओळखायचे आणि त्याच्या वड्या पाडायच्या, हा कात करण्याचा धंदा. जंगल सरकारजमा झाले, खैर तोडणे गुन्हा झाला आणि कारागिराचा एका फटक्यात मजूर झाला. सरकारी कागदात त्याची ओळख आज 'आदिम' अशी आहे.

दिवाळी झाली की मोखाड्याचे पाडे रिकामे होतात. माणसे भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्टीवर जातात. उचल आधी घेतलेली, खर्ची आठवड्याला, हिशेब पावसाळ्याच्या तोंडाशी. गिरणीत मागाला साचा म्हणत, भट्टीवर विटेच्या चौकटीला साचा म्हणतात. माती किती भिजवायची, भुसा किती मिसळायचा, साचा उपडा करताना मनगट कसे झटकायचे, याला वर्षे जातात. नवख्याने पाडलेली वीट उन्हात तडकते. नवरा-बायकोची सराईत जोडी दिवसाला हजार विटा पाडते. तरीही कागदोपत्री दोघे अकुशल! १९४८ च्या किमान वेतन कायद्यापासून ही वर्गवारी चालत आली आणि २०१९ च्या वेतन संहितेतही अकुशल, अर्धकुशल, कुशल, अतिकुशल हीच भाषा आहे. कोणते काम कोणत्या रकान्यात बसवायचे ते ठरवणाऱ्यांनी साचा कधी हातात धरलेला नसतो.

१९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली आम्ही चालवलेल्या एका प्रकरणात समोरच्या पक्षाने सरळ सांगितले की ही बाई आमच्या भट्टीवर कधी आलीच नाही. मुकादमाच्या वहीत फक्त नवऱ्याचा अंगठा. बाईच्या मुलीने मोबाइलवर एक फोटो काढला होता. आई उकिडवी बसली आहे, दोन्ही हातांत साचा, मागे विटांच्या रांगा आणि भट्टीचा नंबर लिहिलेली पत्र्याची पाटी. पूर्वी पुरावा कायद्याचे कलम ६५-ब होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ आहे. मोबाइलमधल्या फोटोसोबत त्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते. ते जोडले. मुलीने फोटो कधी, कुठे, कशाने काढला ते सांगितले. बाईला सुटकेचा दाखला मिळाला. त्या दाखल्यातही 'अकुशल मजूर' हे शब्द होतेच.

यातून सांगायचे ते एवढे की फोटो आपण होऊन काही शाबीत करत नाही. कोण, कुठे, केव्हा, कोणत्या कामावर, हे सांगणारा माणूस त्याच्यामागे उभा राहावा लागतो. अमेरिकेत लुईस हाईन १९०८ पासून कारखान्यांतल्या बालमजुरांचे फोटो काढत हिंडला, तेव्हा मुलाचे नाव, वय, काम तो टिपून ठेवी. उंची मोजायला पट्टी काढली तर मालक हाकलून देईल, म्हणून स्वतःच्या कोटाच्या गुंड्यांवरून तो मुलाची उंची ताडत असे. बालमजुरीविरोधी कायद्यांच्या लढ्यात ते फोटो कामी आले, ते या टिपणांमुळे.

आमच्याकडे ही टिपणे करायची वेळ निघून चालली आहे. १८ जानेवारी १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तेव्हा पंचवीस वर्षांचा असलेला आज सत्तरीकडे आला. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या माणसांच्या तोंडून त्यांचा इतिहास गोळा करून २००४ साली ग्रंथरूपाने आणला, ते मोठे काम आहे. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर मुंबई महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचे काम हाती घेतले. त्याच इंडिया युनायटेडची सहा क्रमांकाची गिरणी म्हणजे दादरची इंदू मिल, जिथे बाबासाहेबांच्या स्मारकाचे भूमिपूजन २०१५ साली झाले. दोन्ही ठिकाणी भिंती आहेत आणि भिंतींवर फोटो लागणार. मालकांच्या वारसांकडे अल्बम तयार आहेत. आमचे फोटो ट्रंकेत वाळवी खात आहेत.

म्हणून बौद्धजन पंचायतीच्या शाखांना, महिला मंडळांना आमची सूचना अशी आहे की येत्या वर्षावासात ग्रंथवाचनासोबत एक संध्याकाळ या फोटोंसाठी ठेवावी. ज्याच्या घरी गिरणीत, रेल्वेत, गोदीत काम केलेले माणूस होते त्याने फोटो आणावा. वस्तीतला वयस्कर माणूस शेजारी बसवावा. फोटोच्या मागे शाईच्या पेनाने लिहू नये, शाई पुढे फुटते. मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे: पूर्ण नाव, मूळ गाव, गिरणी, खाते, पाळी, कोणत्या साली लागला, कोणत्या साली सुटला. बायकोने वाइंडिंगला किंवा दुसऱ्या खात्यात काम केले असेल तर तिचे नाव आणि खाते स्वतंत्र लिहावे, 'यांची पत्नी' असे नाही. हजेरीचे तिकीट, ई.एस.आय.चे कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी सापडली तर तिचीही फोटोसोबत प्रत काढून ठेवावी. म्हाडाच्या घरासाठी १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा मागतात, तेव्हा याच चिठ्ठ्यांसाठी धावाधाव होते. मूळ फोटो कुणालाही देऊ नये, संग्रहालयालासुद्धा पावतीशिवाय नाही. मोखाड्याच्या पाड्यांवर हेच काम मोबाइलने होऊ शकते. भट्टीवर जाताना मुलांनी आईबापांचे फोटो काढावेत, साचा हातात असताना, पाटी दिसेल असे, आणि तारीख उडू देऊ नये.